वाकलेला धोटा

परवा आमच्या सुनेने मला तोंडावर सांगितलं, "आई, तुमची कांजी पातळ झाली." प्रताप नगरातल्या आमच्या गच्चीवर ती सुती साड्यांना कांजी देत होती, आणि कांजी मी केली होती. कोष्ट्याच्या घरात पन्नासावर वर्षं काढलेल्या बाईला ही कालची पोर कांजी शिकवते, असं मनात यायला हवं होतं. तसं आलं नाही. बोट बुडवून पाहिलं तर खरंच पातळ होती. मी मुकाट खाली जाऊन आणखी थोडं तांदळाचं पीठ शिजत घातलं.

जेठ महिना सरत आला की नागपूरची हवा काही दिवस विचित्र होते. ऊन मागे हटत नाही, ढग पुढे येत नाहीत, माणूस नुसता उकडत बसतो. लोक या दिवसांना शिव्या देतात. मला मात्र हे दिवस कांजीच्या वासासकट आवडतात, कारण माझ्या उमेदीच्या काळात हा पाजणीचा हंगाम होता. ताण्याच्या उभ्या सुताला कांजी पाजायची, कुंच्याने ती अंगभर चोळायची आणि कोरड्या वाऱ्यावर वाळवायची. एकदा पाऊस लागला की सूत वाळत नाही, म्हणून चार महिन्यांचे ताणे या पंधरा दिवसांत पाजून ठेवायचे. पाजणी एकट्यादुकट्याचं काम नव्हे. आज याचा ताणा, उद्या त्याचा. पण माणसं सगळ्या घरांची. उजाडताना गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं असायचं आणि दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे घेऊन उभी असायची.

आता माग नाही. मुलगा नोकरीला लागला तेव्हाच तो मोडून विकला. टीव्हीशेजारच्या फळीवर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा एक धोटा तेवढा उरला आहे. माझ्या नातवाला तो होडी वाटतो. दोन्ही टोकांना निमुळता, पोटात सुताची कांडी ठेवायला खाच, शिसवीचं लाकूड. नातू विचारतो, "आजी, ही होडी वाकडी का आहे?" त्याचं उत्तर द्यायला बसायचं तर पार बेटावर जावं लागतं.

बेट म्हणजे आमची वस्ती. समुद्र इथून किती लांब, हे नागपूरच्या माणसाला काय सांगायचं! पण एका बाजूने नाग नदीचं वळण, दुसऱ्या बाजूने नाला, मध्ये पन्नासेक घरं आणि शहराकडे जायला एक लाकडी पूल. म्हणून बेट. नाल्यापलीकडे जी दुकानं दिसायची, तिथल्या माणसांना आमच्यातली म्हातारी माणसं 'शहरातले' म्हणत. मी उमरेडची. लग्न होऊन त्या पुलावरून आत आले ते सत्तावन सालच्या वैशाखात. नागपूरची राजधानी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी सतरा वर्षांची होते आणि लोक मला नावाने ओळखतच नव्हते. उमरेडवाली म्हटलं की झालं.

लग्नाला पंधरा दिवस झाले आणि आमचे हे मद्रासला गेले. तिथे हातमागाचं सरकारी प्रदर्शन होतं, आणि नागपुरी लुगड्याचा रुईफुली काठ लोकांसमोर बसून विणून दाखवायला कोणी तरी हवं होतं. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, स्वतःचा धोटा त्यांच्या हाती दिला. हाच तो, फळीवरचा. तो मामाजींच्या वडिलांचा. आमच्या घरातून कोणी एवढ्या लांब गेलंच नव्हतं, तेव्हा मुलाबरोबर धोट्याचीही पाठवणी झाली. त्याला हळदकुंकू लावलं. मला आपलं डोळ्यांत पाणी आणायचं काम होतं, ते मी केलं.

पुलाजवळ सखाराम नावाचा आमचा शेजारी बसायचा. वस्तीत अस्खलित वाचणारा तोच, म्हणून तो रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. एके सकाळी त्याने वाचलं, की परमुलखातून आलेल्या जहाजावरून मद्रासला एक नवा ताप उतरला आहे आणि तो आता आगगाडीने पसरतो आहे. कोणी तरी विचारलं, "तापही तिकीट काढते काय गा?" सगळे हसले. मामाजी हसले नाहीत. उठले, घरी आले आणि जेवायला नको म्हणाले.

त्यांचं न हसणं मला पुढे समजलं. ते आठ-नऊ वर्षांचे असताना मानमोडी तापाची साथ आली होती. एका आठवड्यात त्यांची आई, मोठा भाऊ आणि पाळण्यातली बहीण गेली. त्यांचे वडील बाजारातून सूत घेऊन आले आणि त्या सुताबरोबर ताप आला, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वडील वाचले, पण नंतर मुलाशी फारसे बोललेच नाहीत. मामाजी वस्तीचे पंच होते, कडक होते, घरात शब्द मोजून टाकायचे. मी त्यांना भीत असे. पण त्या कडकपणाच्या तळाशी एक घाबरलेला पोरगा बसला आहे, हे सतराव्या वर्षी मला कुठून कळणार? आज कळतं, आणि वाईट वाटतं.

त्याच संध्याकाळी पंच बसले आणि ठरलं, की गाडीतून आलेला कोणीही माणूस दहा दिवस पूल ओलांडणार नाही. दहाच का? कारण सुतक दहा दिवसांचं. माणसाला माणसापासून वेगळं ठेवायचा एवढाच हिशेब आम्हाला ठाऊक होता. पुलावर दोर बांधला. नाल्यात तेव्हा घोटाभरही पाणी नव्हतं, शेळ्या खालून येत-जात होत्या. पण बंदी पुलाला होती आणि वस्तीतला एकही माणूस नाल्यातून आला-गेला नाही. कायदा पाळावा तर आमच्या लोकांनी.

आणि दोर बांधल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी पहिला माणूस आला तो आमचाच. हातात पत्र्याची पेटी, अंगावर प्रवासाची धूळ, आणि चेहऱ्यावर बायकोला पाहायला आलेल्या माणसाचं हसू. मामाजी दोराच्या अलीकडे उभे राहिले.

"थांब गा, रघू. तठीच थांब."

"काहून, बाबा? काय झालं?"

"मद्रासले नवा ताप आहे. दहा दिवस पलीकडे राहा. रंगाऱ्याची पडवी रिकामी आहे."

"दहा दिवस? म्हणजे मी मेलो काय?"

"मरू नये म्हणूनच सांगून राहिलो," मामाजी म्हणाले आणि पाठ फिरवून चालू लागले. मी दाराआडून पाहत होते. पाठ फिरवल्यावर त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं ते नुसतं घामासाठी नव्हतं.

हे पडवीत राहिले. त्यांचं ताट पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पुलाच्या मध्यावर ताट ठेवायचं, मागे सरायचं, मग त्यांनी यायचं. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभ्या राहून लक्ष ठेवायच्या. ताट परत आलं की राखेने तीनदा घासायचं. धोतर आलं की सोड्याच्या पाण्यात उकळायचं. वर आत्याबाई रोज संध्याकाळी पुलाजवळ भिवापुरी मिरच्या निखाऱ्यावर टाकायच्या, तापाने धसका घ्यावा म्हणून. तापाचं माहीत नाही, वस्तीने घेतला. पन्नास घरं खोकत असायची. दवाखान्यातला कंपाउंडर सायकलवरून पाहणीला आला तो डोळे पुसत म्हणाला, "यात तापाचा खोकला कोणाचा न् मिरचीचा कोणाचा, कसं ओळखू मी?" आणि तसाच परत गेला.

एक गोष्ट मात्र या बंदीने मला दिली. घरात सासूसासऱ्यांसमोर आम्ही नवराबायको दिवसाउजेडी एकमेकांशी बोलूच शकत नव्हतो. पुलावर बोललो. दहा-बारा हातांचं अंतर, म्हणून बोलायचं ते ओरडून, आणि आमचा सगळा संसार वस्तीने ऐकला.

"समुद्र पाह्यला काय?" मी विचारलं.

"पाह्यला ना. लय मोठा. दहा कोसाचा ताणा लावता येईन, एवढी जागा."

"मंग?"

"काही कामाचा नाही. हवा ओली राह्यते. पाजणी वाळणार नाही."

आमच्या बाजूला सखाराम वर्तमानपत्र तोंडावर धरून हसत होता. मीही पदर तोंडाला लावून हसले. आयुष्यभरात मला समुद्र पाहायचा योग एकदाच आला, आणि तिथे उभी राहिल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते हेच, की इथे पाजणी वाळणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून हे खोकत होते. मी विचारलं तर म्हणाले, "मिरचीचा धूर आहे वं." तिसऱ्या दिवशी ताटातला भात तसाच राहिला. तेव्हा म्हणाले, "ऊन लागलं असन." मी घरी काही बोलले नाही. काय बोलणार, कोणाशी?

चौथ्या दिवशी मामाजींना धोटा हवा झाला. मागावर एक लुगडं अर्धं विणून पडलं होतं, ते उतरल्याशिवाय नवा पाजलेला ताणा चढणार नव्हता, आणि दुसरा कुठलाही धोटा त्यांच्या हाताला बसत नव्हता. शिवाय आमच्यात रीत होती, की धोटा उपाशी ठेवू नये. तो प्रवासाहून आला की त्याला हळदकुंकू लावायचं आणि घरातल्या कर्त्याने त्यातून पहिलं सूत ओढायचं, मग शेजाऱ्यांनी मागितला तर त्यांनाही तो द्यायचा. मामाजी म्हणाले, "माणूस थांबते, धोटा नाही थांबत. घेऊन या तो."

सूत ओढायचं म्हणजे काय ते सांगते. धोट्याच्या कुशीला एक बारीक भोक असतं. पोटातल्या कांडीचं सूत त्या भोकातून बाहेर काढायचं असतं. त्याला सुई चालत नाही, वेळही नसतो. विणकर भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. सूत जिभेवर येतं. दिवसातून कांडी बदलेल तितक्या वेळा धोटा ओठाला लागतो.

त्या दुपारी मी ताट ठेवून मागे सरले. हे आले. त्यांनी धोटा फडक्यातून काढला, त्यात कांडी बसवली, भोकाला ओठ लावले आणि सूत ओढून बाहेर काढलं. शेजारणीला वाटी परत देताना आपण रिकामी देत नाही ना, तसा धोटाही सुताशिवाय दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. त्यांनी तो पुलाच्या फळीवर ठेवला आणि खोकत खोकत मागे गेले. मी उचलला. भोकाशी लाकूड ओलं होतं, माझ्या अंगठ्याला लागलं.

घरी तो कोणी धुतला नाही. ताट तीनदा घासणारी माणसं आम्ही, पण धोट्याला पाणी लागलं तर लाकूड वाकतं, हे पोरासोरांनाही ठाऊक. आत्याबाईंनी हळदकुंकू लावलं. मामाजींनी तो दोन्ही हातांनी कपाळाला टेकवला, नवी कांडी घातली आणि तोंडाकडे नेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ह्यांचे ओठ त्याला लागलेत, हे मला सांगायचं होतं. पण सून सासऱ्यांपुढे बोलत नसते, आणि मी तर लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी सूत ओढलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मामाजी मागावरून उठताना भिंतीला धरून उभे राहिले आणि तिथेच खाली बसले.

तो ताप मी विसरू शकत नाही. अंग तव्यासारखं तापायचं. आयुष्यभर सुताची कुसं खाऊन त्यांची छाती आधीच नाजूक होती. श्वास घेताना तिच्यातून शिट्टीसारखा आवाज यायचा. मी आणि आत्याबाई आळीपाळीने कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होतो. ते डोळे मिटून ताण्याचे धागे मोजायचे, मध्येच चुकायचे, पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. वस्तीत एकेक घर झोपत गेलं. पाजलेले ताणे गुंडाळून पडले, न पाजलेले पेटीत राहिले. गल्लीत सकाळी कोणी दिसेना.

तापाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजींचं मोजणंही थांबलं. नुसती शिट्टी चालू होती. मला वाटलं, मामाजी आता जाणार आणि मी त्यांना मारलं. माझ्याने राहवेना. त्यांच्या अंथरुणाच्या या बाजूला मी, त्या बाजूला आत्याबाई. मी बोलून टाकलं.

"आत्याबाई, मले दिसलं होतं. त्याइनं पुलावर तोंडानं सूत ओढून मंगच धोटा ठेवला होता. त्याइले खोकला होता. मी सांगतलं नाही."

मला वाटलं त्या मला हाकलून देतील. त्या कितीतरी वेळ हातातली पट्टी पिळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मलेही दिसलं होतं वं. मी पुलाच्या टोकालेच उभी होती ना."

"मंग तुमी काहून नाही..."

"तीस वर्षं झाली या घरात," आत्याबाई म्हणाल्या. "त्याइच्या कामात बोलाची सवयच नाही राह्यली."

आम्ही दोघी त्या माणसाच्या अंगावरून एकमेकींकडे पाहत बसलो. मला त्या क्षणी आत्याबाई पहिल्यांदा माझ्या वाटल्या, आणि दोघींचीही लाज वाटली. इतक्या मोठ्या भीतीने अडवलेला पूल, दोर, मिरच्या, दहा दिवसांचं सुतक, आणि ज्यांनी पाहिलं त्या दोघी घरातच गप्प.

पुलावर पहारा द्यायला माणूस उरला नाही तेव्हा हे आले. ताप त्यांच्या अंगातून उतरला होता. दोर पुलावर तसाच होता, म्हणून हे नाल्यातून, शेळ्यांच्या मागून आले. घरात शिरले आणि बापाच्या पायाशी बसले. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी पाहिलं, गल्लीत ताणा लागला होता, दुसऱ्याच कोणाच्या तरी घरचा. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला आधी आजारी पडून उठलेले तिघे-चौघे, आणि बायकांनी पदर खोचून कुंचे हातात घेतलेले. मीही घेतला. पावसाच्या आधी जेवढे झाले तेवढे ताणे आम्ही असे पाजले.

मामाजी वाचले. वस्तीच्या पार टोकाला राहणारी भागाबाई नावाची म्हातारी मात्र गेली. ती आधीच थकलेली होती, आज ना उद्या जाणारच होती, असं सगळे म्हणाले. माणूस गेल्यावर असं म्हणतातच. मग कुजबूज सुरू झाली, की ताप रघूने आणला. मामाजींना उभंही राहवत नव्हतं तरी त्यांनी पंचांना घरी बोलावलं. आम्ही आतून ऐकत होतो.

"रघूनं नाही आणला," ते म्हणाले. "पोरगं सांगतलं तठी बसलं होतं. धोटा मी मागवला. तोंड मी लावलं. मंग तोच धोटा सखारामनं नेला, अजून दोघांनी नेला. ताप माह्या तोंडानं आला. भागाबाईच्या घरी मी जातो, तुमी रघूले काही म्हणू नका."

आणि ते गेले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून, दर चार पावलांवर थांबत. तिथे काय बोलले ते कोणालाच माहीत नाही. परत आले तेव्हा मुलाच्या खांद्यावरचा हात त्यांनी लगेच काढला नाही.

आठ-दहा दिवसांनी ते पुन्हा मागावर बसले. बाहेर आता पावसाची झड लागली होती. आत्याबाई चुलीपाशी होत्या, मी दळण निवडत होते. मामाजींनी धोट्यात कांडी घातली, धोटा ओठांपर्यंत नेला आणि थांबले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून पाहिलं. त्या दिशेला पाहून ते कधी बोलत नसत.

"काही पाह्यलं असन," ते म्हणाले, "तर सांगा."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. म्हणजे त्या दिवशी ते झोपले नव्हते. डोळे मिटून त्यांनी आमच्या दोघींचं सगळं ऐकलं होतं, आणि एवढे दिवस मनात ठेवलं होतं. रागाने नाही, आवाजात राग नव्हताच. तीस वर्षांनी एखादं दार उघडून बघावं, आत कोणी आहे का, तसं ते विचारत होते.

मग चुलीपाशी आत्याबाईंनी घसा साफ केला.

"कालचा दिवस तो धोटा सखारामकडे होता. त्याचा खोकला अजून गेला नाही. आंधी धुवा."

मामाजींनी धोट्याकडे पाहिलं. "लाकूड आहे," ते म्हणाले. "पाण्यानं वाकन."

"वाकू द्या," आत्याबाई म्हणाल्या. "धोटा दुसरा भेटते."

मामाजी उठले. मी गरम पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आधीच उभी होते.